डावीकडे जाणारे बाण: एका पारंपरिक रिकर्व्हचं प्रकरण

एका तिरंदाज बाईंची तक्रार ऐकायला साधी होती. 18 मीटरवर बाण एकमेकांजवळ लागत होते, पण केंद्रापासून वीतभर डावीकडे. दहा मीटरवर तेच, फक्त अंतर कमी. धनुष्य साइटशिवायचं, म्हणजे नेम धरायचं उपकरण नसलेलं, त्यामुळे साइट सरकवून वेळ मारून नेण्याची सोयच नव्हती. "ग्रुप घट्ट आहे ना, मग थोडं उजवीकडे बघून सोडा," असा सल्ला त्यांना मिळाला होता आणि बराच काळ त्यांनी तो पाळलाही. हळूहळू बाण मध्यभागी येऊ लागले. पण अंतर बदललं, धनुष्य जरा वेगळं धरलं गेलं किंवा दमायला झालं की बाण पुन्हा डावीकडे.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यात बाणाचा दोष, धनुष्याची जुळणी आणि नेम धरण्याची पद्धत या तीन गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या की एकीची दुरुस्ती दुसरीचा दोष वाटत होती. पारंपरिक तिरंदाजीत असं वारंवार होतं. आणि नेम हे दुरुस्तीचं हत्यार म्हणून सगळ्यात आधी वापरलं जातं, जे माझ्या मते सगळ्यात शेवटी वापरायला हवं.

सामान काय होतं

तिरंदाज उजव्या हाताच्या. धनुष्य 60 इंची टेकडाऊन रिकर्व्ह, म्हणजे सुटं करता येणारं आणि टोकं पुढे वळलेलं; लिम्बवर, म्हणजे वाकणाऱ्या पात्यावर, 45 पौंड लिहिलेलं. हा आकडा 28 इंच खेचीला दोरी धरून ठेवायला लागणाऱ्या जोराचा असतो. त्यांची खेच 27 इंच, म्हणून तराजू लावून मोजलं तर बोटांवर साडेबेचाळीस पौंड येत होते. साइट नाही, स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारा दांडा) नाही, प्लंजर (बाणाला बाजूने आधार देणारी स्प्रिंगची खुंटी) नाही; बाण थेट शेल्फवर, म्हणजे मुठीच्या वरच्या खाचेवर. शेल्फवर आणि बाजूला चामड्याचा तुकडा, बाजूचा सुमारे 3 मिलिमीटर जाडीचा. पकड एक बोट बाणाच्या वर, दोन खाली. अँकर, म्हणजे पूर्ण खेचल्यावर हात टेकण्याची ठरलेली जागा: तर्जनी ओठांच्या कोपऱ्यात.

बाण कार्बनचे, 600 स्पाइनचे, 31 इंच लांब, म्हणजे दुकानातून आले तसेच न कापलेले. टोक 125 ग्रेनचं (ग्रेन हे वजनाचं लहान माप), मागे पाच इंची पिसं. 600 म्हणजे 28 इंचांवर टेकवलेल्या बाणाच्या मध्यावर 880 ग्रॅम वजन टांगलं की तो 0.600 इंच, साधारण 15 मिलिमीटर, वाकतो. आकडा मोठा तितका बाण लवचिक. पण हा झाला टेबलावरचा ताठपणा. धनुष्यातून सुटताना बाण किती वाकेल हे त्याची लांबी, टोकाचं वजन, धनुष्याचे खरे पौंड, दोरीचा धागा आणि रायझर, म्हणजे धनुष्याचा मधला मुठीचा भाग, मध्यरेषेपर्यंत किती कापलेला आहे यावर ठरतं. बाण लांब ठेवला किंवा टोक जड केलं की तोच बाण जास्त लवचिक वागतो.

आधी डोळा, मग हात

उजव्या हाताच्या तिरंदाजाचा डावा डोळा प्रबळ असेल तर बाण डावीकडे जातात. तिरंदाज टोक आणि लक्ष्य डाव्या डोळ्यातून जुळवतो, बाणाचं शेपूट मात्र उजव्या डोळ्याखाली असतं, त्यामुळे बाण तिरका डावीकडे बघतो. म्हणून पहिली तपासणी डोळ्याची. दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत छोटी फट ठेवून लांबची वस्तू पाहायची आणि एकेक डोळा मिटायचा. त्यांचा उजवा डोळाच प्रबळ निघाला. डावा डोळा झाकून बाण सोडले तरी ग्रुप होता तिथेच.

मग बेअरशाफ्ट, म्हणजे पिसांशिवायचे बाण. पिसांचे तीन बाण आणि बिनपिसांचे दोन, त्याच बटवर (बाण झेलणाऱ्या फोमच्या गठ्ठ्यावर), त्याच नेमाने. पिसांचे वीतभर डावीकडे लागले, बिनपिसांचे त्याहूनही हातभर डावीकडे. इथे डोळ्याचा प्रश्न कायमचा निकाली निघाला. नेम चुकत असता तर दोन्ही प्रकारचे बाण सारखेच सरकले असते. दोघांत अंतर पडतं तेव्हा बाण निघतानाच वाकडा निघतोय आणि पिसं त्याला थोडंफार सरळ करतायत, एवढंच त्यातून कळतं.

हाताची शंका राहिली होती. रिलीज करताना हात गालापासून बाहेर झटकला तरी बाण डावीकडे जातो. म्हणून चार-पाच पावलांवरून, कोऱ्या बटवर, डोळे मिटून बेअरशाफ्ट सोडायला लावले. मी बाजूला उभा राहून फक्त त्यांचा उजवा हात पाहत होतो. सुटल्यावर बोटं कानाच्या दिशेने मागे सरकत होती, स्वच्छ. ग्रिपमध्ये धनुष्य पिळलं जात नव्हतं. बाण तरीही डावीकडेच. बटमध्ये घुसलेल्या बाणाचा कोन पाहून काही जण निदान करतात, पण फोमच्या थरांमुळे तो कोन सहज फिरतो. मी बाण कुठे लागला एवढंच धरतो.

जो उपाय उलटा पडला

उजव्या हाताच्या तिरंदाजाचा बेअरशाफ्ट डावीकडे लागला तर बाण ताठ, उजवीकडे लागला तर लवचिक. हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि बहुतेक वेळा तो खराही असतो. याच नियमाने त्यांना आधीच सांगितलं गेलं होतं की बाण ताठ आहे, टोक जड करा. त्यांनी 125 ग्रेनचं टोक काढून 175 चं लावलं, मग 200 चं. बाण आणखी डावीकडे गेले.

या प्रकरणाची किल्ली हीच. ताठ बाणाला लवचिक केलं तर तो उजवीकडे सरकायलाच हवा. थोडाच सरकेल, पण सरकेल उजवीकडेच. तो डावीकडे गेला, याचा अर्थ पहिलं निदानच चूक होतं. अशा वेळी 250 ग्रेनचं टोक मागवण्याचा मोह आवरायला हवा.

बाण नीट पाहिले. पिसांच्या पुढे चार बोटांवर कार्बनवर एक चकचकीत पट्टा घासून तयार झाला होता, सगळ्या बाणांवर साधारण एकाच बाजूला. रायझरच्या बाजूच्या चामड्यावर काळी रेघ होती. बाण सुटताना एक कोरडी टक् ऐकू येत होती. ती दोरीचा आवाज म्हणून सोडून दिली गेली होती. बाजूच्या चामड्यावर आणि शेल्फवर टाल्कम पावडर शिंपडून एक बाण सोडला. पावडरीत बोटाच्या पेराएवढा भाग साफ पुसला गेला आणि बाणाच्या शेपटाकडे पांढरा ठिपका उमटला. बाणाचं शेपूट रायझरला धडकत होतं.

हे कसं होतं ते थोडं उलगडून सांगतो. बोटांवरून दोरी सुटताना ती सरळ पुढे जात नाही, आधी जराशी डावीकडे सरकते. मागून धक्का, पुढे टोकाचं जडपण, त्यामुळे बाण धनुष्याच्या बाजूला वाकतो, मग उलट दिशेने बाहेर फुगतो आणि तसाच हेलकावत धनुष्याला वळसा घालून निघतो. 1930 च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन यांनी हाय-स्पीड कॅमेऱ्याने हे टिपलं, तेव्हा ते स्पष्ट दिसलं. सगळा खेळ वेळेचा आहे. शेपूट रायझरपाशी पोहोचतं त्या क्षणी ते बाहेरच्या बाजूला झुललेलं असायला हवं. बाण गरजेपेक्षा लवचिक असेल तर त्याचं हेलकावणं संथ होतं, शेपूट चुकीच्या क्षणी आत येतं, रायझरवर आपटतं आणि बाण डावीकडे फेकला जातो. लागण्याची जागा पाहून वाटतं बाण ताठ आहे. खरं तर तो फार लवचिक असतो. टोक जड केलं की तो आणखी लवचिक होतो आणि आणखी जोरात आपटतो.

खात्रीसाठी उलट्या दिशेने गेलो. त्याच बाणांना 75 ग्रेनचं टोक लावलं. टक् बंद झाली, पावडर शाबूत राहिली आणि बेअरशाफ्ट पिसांच्या बाणांच्या उजवीकडे लागला. आता मात्र नियम नियमासारखा वागत होता: बाण लवचिक आहे, उजवीकडे जातोय.

बाण बदलणं आणि कापणं

75 ग्रेनचं टोक ठेवून भागवता आलं असतं असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. शेल्फवरून, बोटांनी सोडल्या जाणाऱ्या बाणाला पुढच्या भागात वजन हवं. हलक्या टोकाचा बाण रिलीजमधली प्रत्येक लहान चूक मोठी करून दाखवतो. 600 चे बाण खूप आखूड करणं हाही मार्ग होता, पण त्यांच्या 27 इंच खेचीला त्यात पुढे-मागे करायला जागा फारशी उरली नसती. म्हणून 500 स्पाइनचे नवे बाण घेतले, 31 इंचांचे, आणि 175 ग्रेनचं टोक.

पहिल्याच दिवशी बेअरशाफ्ट उजवीकडे, म्हणजे थोडे लवचिक. हेच हवं होतं. लवचिक बाण कापून ताठ करता येतो, कापलेला बाण परत लांब करता येत नाही. टोक ज्यात बसतं ती बाणातली बैठक गरम करून सुटणाऱ्या गोंदाने बसवली होती, त्यामुळे दरवेळी टोक काढून पुढून पाव इंच कापायचं, बैठक परत बसवायची, पुन्हा सोडायचं. कापायला फिरती अपघर्षक चकती आणि तोंडावर मास्क. कार्बनची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नये. साडे-एकोणतीस इंचांवर बेअरशाफ्ट पिसांच्या बाणांच्या ग्रुपला टेकला. त्याच्या आधीच्या कापावर तो अजून मूठभर उजवीकडे होता, यावरून पाव इंचाची किंमत लक्षात यावी. बाणाचं एकूण वजन 480 ग्रेनच्या आसपास भरलं, म्हणजे बोटांवरच्या दर पौंडामागे सुमारे 11 ग्रेन. पारंपरिक धनुष्याला हे वजन मानवतं. आवाज कमी, लिम्बवर ताण कमी.

मधल्या काळात धनुष्याकडेही पाहिलं. दोरी आणि ग्रिप यांच्यातलं अंतर, ब्रेस हाइट, सव्वासात इंच होतं. दोरीला पीळ देत पावणेआठपर्यंत नेलं. तिथे लिम्बची थरथर सगळ्यात कमी जाणवली. शेल्फवरचं चामडं सपाट होतं. ग्रिपच्या सगळ्यात खोल जागेच्या बरोबर वर, चामड्याखाली आगकाडी आडवी ठेवून उंचवटा केला, म्हणजे बाण एकाच बिंदूवर टेकतो आणि हातातल्या पिळाचा परिणाम कमी होतो. यापलीकडे धनुष्याला हात लावायची गरज पडली नाही.

डोळ्याने शिकलेलं उजवीकडे

नवे बाण स्वच्छ उडत होते आणि सगळे केंद्राच्या उजवीकडे लागत होते. जवळजवळ तेवढंच अंतर, आता उलट बाजूला. त्यांचा चेहरा उतरला. पण यात नवल नव्हतं. त्या स्वतःच्या पद्धतीला इन्स्टिंक्टिव्ह म्हणत, म्हणजे टोकाकडे जाणीवपूर्वक न बघता लक्ष्याकडे बघून सोडणं. बरेच महिने डावीकडे जाणाऱ्या बाणाची भरपाई करताना शरीराने उजवीकडे रोखायचं शिकून घेतलं होतं. आता बाण खोटं बोलत नव्हता, शरीर मात्र जुन्या हिशोबानेच वागत होतं.

इन्स्टिंक्टिव्ह पद्धतीबद्दल मला आदर आहे. जवळच्या, सतत बदलत्या अंतरांवर ती फार सुंदर चालते. पण ती ज्या बाणावर शिकली जाते त्या बाणाचे सगळे दोष आत्मसात करते आणि तिरंदाजाला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून जुळणी पूर्ण होईपर्यंत मी नेमाचा सराव करूच देत नाही.

उपाय कंटाळवाणा होता आणि त्यांनी तो निमूटपणे केला. बटवर वरपासून खालपर्यंत एक उभी चिकटपट्टी लावली. बाकी काही नाही, चकती नाही, गुण नाहीत. बाण पट्टीवर वर लागो की खाली, फरक पडत नाही. फक्त डावी-उजवी चूक पाहायची. दोरीची धूसर उभी सावली रोज रायझरच्या त्याच कडेशी दिसतेय का, एवढंच बघायचं. सुरुवातीला दहा मीटर, मग 18. ही सावली पारंपरिक तिरंदाजाकडे असलेलं सर्वांत भरवशाचं साधन आहे आणि फार कमी जण तिच्याकडे लक्ष देतात. काही आठवड्यांत बाण पट्टीवर येऊन बसू लागले.

टोक कुठे ठेवायचं

उभी रेष सुटली, आता उंची. गॅप पद्धतीत बाणाचं टोक लक्ष्याच्या खाली ठरावीक अंतरावर धरायचं. एका ठरावीक पल्ल्यावर टोक थेट केंद्रावर ठेवलं की बाण तिथेच लागतो, तो पॉइंट-ऑन पल्ला. त्यांच्या एक-वर-दोन-खाली पकडीने तो जवळपास 50 मीटर निघाला. 18 मीटरवर टोक केंद्राच्या मीटरभराहून जास्त खाली धरावं लागत होतं. चकतीचं केंद्र जमिनीपासून 130 सेंटिमीटरवर, म्हणजे टोक बटच्या पायाशी, गवतात. तिथे बघायला काही ठोस खूण नसते. नजर केंद्र आणि गवत यांच्यात हेलपाटे घालत राहते आणि रिलीज ढासळतो.

तीनही बोटं बाणाच्या खाली घ्यायचं ठरवलं. तर्जनी पुन्हा ओठांच्या कोपऱ्यात, पण आता बाण तिच्या वर असल्याने डोळ्याच्या सुमारे दोन सेंटिमीटर जवळ आला. दिसायला क्षुल्लक, पण पॉइंट-ऑन 36 मीटरवर उतरला. मग अंतराअंतरावर मोजलेली गॅप साधारण अशी आली: 10 मीटरवर अर्धा मीटर, 14 वर 60 सेंटिमीटर, 18 वर 63, 22 वर पुन्हा 60, 26 वर 52, 30 वर 36, आणि 36 वर शून्य. 40 मीटरवर उलट केंद्राच्या 30 सेंटिमीटर वर धरावं लागतं.

हे आकडे मला फार बोलके वाटतात. लक्ष्यावरची गॅप अंतराबरोबर वाढत जात नाही. पॉइंट-ऑनच्या निम्म्या अंतरावर ती सगळ्यात मोठी असते आणि त्याच्या आजूबाजूला फारशी हलतच नाही. 14 पासून 22 मीटरपर्यंत सगळा फरक तीन-चार सेंटिमीटरचा. म्हणजे त्या पट्ट्यात अंतराचा अंदाज दोन-तीन मीटरने चुकला तरी बाण जागेवर लागतो. 30 नंतर मात्र प्रत्येक मीटर महाग पडतो. आपला पॉइंट-ऑन माहीत असला की अंदाजात कुठे ढिलाई चालेल आणि कुठे नाही, हे आधीच कळतं.

बाणाची लांबी इथेही आडवी येते. लांब बाणाचं टोक डोळ्यापासून दूर असतं, त्यामुळे गॅप कमी होते. दीड इंच कापल्यावर त्यांचा जुना गॅपचा हिशोब आपोआप बाद झाला. बाण कापून होण्याआधी गॅपची वही करणाऱ्यांनी ती पेन्सिलने करावी.

पकड बदलल्याने जुळणीही पुन्हा तपासावी लागली. तीन बोटं खाली गेली की खालच्या लिम्बवरचा भार बदलतो. या धनुष्याला टिलर, म्हणजे दोन लिम्बमधला भाराचा तोल, बदलण्याची सोय नाही, म्हणून दोरीवरची नॉकची (बाणाच्या मागच्या खाचेची) खूण काटकोनापासून अर्ध्या इंचावरून पाच-अष्टमांश इंचापर्यंत वर घेतली. बाण खाली घसरू नये म्हणून नॉकच्या खालीही दोऱ्याची दुसरी गाठ बांधली. बेअरशाफ्ट आता उंचीलाही ग्रुपबरोबर आले.

दोरीवर बोटं खाली सरकवून 18 मीटरलाच पॉइंट-ऑन करावा, असाही विचार झाला. बेअरबो या साइटशिवायच्या स्पर्धा-प्रकारात ते चालतं. त्यांना मात्र लाँगबो आणि पारंपरिक धनुष्याच्या गटांत उतरायचं होतं, जिथे बोटं नॉकपासून सरकवता येत नाहीत, म्हणून तो रस्ता सोडला. लाँगबोला तर लाकडी बाण लागतील आणि सगळी जुळणी पुन्हा मुळापासून होईल. लाकडात एकाच गठ्ठ्यातले बाण कमी-जास्त ताठ निघतात. आधी ते निवडून काढावे लागतील.

जे अजून सुटलेलं नाही

18 मीटरवर ग्रुप आता हाताच्या पंजात मावतो, मध्यभागी. 30 मीटरवर डावी-उजवी चूक नाही, पण उंची सांभाळली जात नाही. ठरावीक बाण 10 ते 20 सेंटिमीटर खाली पडतात. बाजूने चित्रीकरण केलं तर कारण दिसतं: लांबच्या लक्ष्याला त्या घाईने सोडतात आणि खेच अर्धा ते एक इंच कमी पडते. एक इंच म्हणजे अडीच पौंड. तेवढ्याने 18 मीटरवर बाण सात-आठ सेंटिमीटर खाली जातो, जे ग्रुपच्या पसाऱ्यात लपतं. 30 वर तीच चूक 20 सेंटिमीटरची होते.

त्यासाठी सध्या दुसरा अँकर जोडलाय. तर्जनी ओठांच्या कोपऱ्यात पोहोचल्यावर वरच्या पिसाची मागची कड नाकाच्या शेंड्याला लागेपर्यंत बाण सोडायचा नाही. लागली नाही तर धनुष्य खाली करायचं, सोडून मोकळं व्हायचं नाही. धनुष्य खाली करणं त्यांना अजून जड जातं, विशेषतः बाजूला कुणी उभं असलं की. ब्रेस हाइट, नॉकची उंची, बाणाची लांबी आणि दोरीतल्या धाग्यांची संख्या त्यांनी वहीत लिहून ठेवली आहे. त्याच मापाची दुसरी दोरी बांधून, काही बाण सोडून, ताणून तयार ठेवलीय.